नागपुरातला जिवंत दगड

नागपूरहून निघा आणि हवी ती दिशा धरा. पूर्वेला छत्तीसगड तुडवा, दक्षिणेला तेलंगण, नाहीतर पश्चिमेला अख्खा महाराष्ट्र पार करा. पाचशे किलोमीटर झाले तरी समुद्राचा पत्ता नाही! मुंबईची रेल्वे तर आठशे किलोमीटरांहून जास्त धावते, तेव्हा कुठे खारा वारा अंगाला लागतो.

आणि आता समजा, याच नागपुरात, धरमपेठेतल्या किंवा सक्करदऱ्याच्या एखाद्या घरात, तुम्हाला काचेच्या टाकीत छोटासा समुद्र हवा आहे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा क्लाऊन मासा हवा, शिंपलं पाठीवर घेऊन फिरणारा शंख हवा, लांब मिशांची कोळंबी हवी. तर दोस्तांनो, सगळ्यात आधी काय आणाल?

“मासे!” असं तुमच्यातले बरेच जण ओरडतील. “आधी मीठ!” असं कुणीतरी विचार करून म्हणेल. पण खाऱ्या पाण्याच्या टाक्या वर्षानुवर्षं सांभाळणारी माणसं सांगतात, आधी दगड. आणि दगडही साधासुधा नाही, जिवंत दगड!

माशाची शू जाते कुठे?

दगड जिवंत कसा, हे कळायला आधी माशाकडे बघू या. मासा खातो, त्याच्या अंगात प्रथिनं मोडतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो. त्यातला बराचसा अमोनिया कल्ल्यांवाटे थेट पाण्यात जातो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजली की आणखी अमोनिया. समुद्र अफाट असतो, तिथे हा अमोनिया पसरून जातो. टाकीत मात्र तो साठत राहतो. आणि अमोनिया हे माशांसाठी जालीम विष आहे. पाणी काचेसारखं नितळ दिसत असतं आणि मासा मात्र गुदमरत असतो.

मग हे विष काढतं कोण? डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. एका गटाचे जिवाणू अमोनियाचं रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. नायट्राइटही विषारीच. पण नायट्रोस्पायरा वगैरे दुसऱ्या गटाचे जिवाणू त्याचं नायट्रेट करून टाकतात. नायट्रेट थोडंफार असलं तरी मासे ते सोसतात.

हे जिवाणू आपल्यासाठी पाणी साफ करत नाहीत बरं का. ते पोट भरत असतात! झाडं सूर्यप्रकाशातून ऊर्जा मिळवतात, आपण भाजी-भाकरीतून, आणि हे जिवाणू चक्क अमोनियातून किंवा नायट्राइटमधून. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे शोधून काढलं. त्याने जिवाणूंना नुसते क्षार दिले. साखर नाही, मांसाचं पाणी नाही, काहीच नाही. तरी ते वाढले! उजेडाशिवाय आणि दुसऱ्या सजीवाला न खाता कुणी जगू शकतं, हे तेव्हा फार मोठं आश्चर्य होतं.

आता या जिवाणूंना राहायला जागा हवी. पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा त्यांना कशाला तरी चिकटून राहणं आवडतं. चांगला दगड आतून अनारशासारखा जाळीदार असतो. प्रत्येक छिद्राला भिंती, त्या भिंतींना आणखी बारीक छिद्रं. मुठीएवढ्या दगडातही जिवाणूंना चिकटायला केवढी तरी जागा सापडते.

खरी गंमत तर आणखी आत आहे. दगडाच्या वरच्या थरात पाणी खेळतं, ऑक्सिजन भरपूर असतो. तिथे अमोनिया आणि नायट्राइट खाणारे जिवाणू राहतात. ते ऑक्सिजन वापरून टाकतात, त्यामुळे खोल गाभ्यापर्यंत तो पोचतच नाही. तिथे तिसरी मंडळी राहते. त्यांना ऑक्सिजन हवा असला की ती नायट्रेटमधून तो काढून घेतात! मागे उरतो नायट्रोजन वायू. तो पाण्यातून वर येतो आणि हवेत मिसळून जातो. हवेत जवळजवळ ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यात आणखी थोडा. माशाच्या पोटातून निघालेला नायट्रोजन असा दगडातून वाट काढत आकाशात पोचतो.

हेच काम नागपुरात फार मोठ्या प्रमाणावर चालतं. भांडेवाडीच्या केंद्रात शहराचं सांडपाणी शुद्ध होतं ते जिवाणूंच्या जोरावर, आणि शुद्ध झालेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला वापरायला जातं. सांडपाणी स्वच्छ कसं करावं याचा अभ्यास करणारी ‘नीरी’ ही राष्ट्रीय संस्थाही १९५८ पासून आपल्या नागपुरातच आहे. म्हणजे समुद्र लांब असला, तरी जिवाणूंकडून पाणी साफ करून घेण्याची विद्या इथे मुरलेली आहे.

जाकार्तातली भन्नाट टाकी

पूर्वी लोक खाऱ्या पाण्याच्या टाक्या अगदी लख्ख ठेवायचे. दगड, वाळू, काचा, सगळं घासूनपुसून. तरी त्यांचे मासे टिकत नसत, आणि प्रवाळ तर नाहीच. मग १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या जाकार्ता शहरातल्या ली चिन एंग यांनी आपली वेगळीच पद्धत लिहून जगापुढे मांडली. त्यांच्या टाकीत समुद्राचं पाणी होतं, हवेचे बुडबुडे होते आणि समुद्रातून ओलेच आणलेले, जीवजंतूंनी भरलेले दगड होते. बस्स! त्या टाकीत प्रवाळही जगत होते. दगडांवरचे जीव घासून टाकायचे नसतात, सांभाळायचे असतात, हे त्यांनी दाखवलं. पुढे जर्मनीतल्या हौशी लोकांनी ही पद्धत आणखी सुधारली आणि जिवंत दगड जगभर पोचला.

अशा दगडात जिवाणूंच्या जोडीला आणखी कितीतरी पाहुणे असतात. ठिपक्याएवढे कोपेपॉड, कडेकडेने पळणारे ॲम्फिपॉड, केसाळ पायांचे किडे, आणि फटीतून एकच हात बाहेर काढून खाणं चाचपणारे नाजूक तारामासे. सगळे मिळून उरलंसुरलं फस्त करतात.

पण समुद्रातून दगड उचलायचा नाही!

आता तुम्ही म्हणाल, मालवणला गेलो की आणू या एक दगड पिशवीत घालून. थांबा! समुद्रातला तो जाळीदार दगड म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळांचे सांगाडे. प्रवाळ हे इवले प्राणी. ते पाण्यातून कॅल्शियम घेऊन अंगाभोवती चुनखडीचं घर बांधतात. एका पिढीच्या घरावर दुसरी पिढी घर बांधते आणि असा खडक हळूहळू वाढतो.

आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. पेंच आणि ताडोबातल्या वाघाचं नाव त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांत. २००१ मध्ये त्याच अनुसूचीत दगडी प्रवाळांचंही नाव आलं. वाघाची शिकार हा जसा गुन्हा, तसाच प्रवाळ तोडणं, उचलून नेणं, विकणं हाही गुन्हा.

महाराष्ट्रालाही प्रवाळांची श्रीमंती आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहेत, आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. विजयदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभर किलोमीटर आत, खोल समुद्रात, आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाचं! तिथेही प्रवाळांची वस्ती आहे. मुंबईत किनारी रस्ता बांधायचा होता तेव्हा वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळांच्या मोजक्या वसाहती दिसल्या. त्यांच्यासाठी सरकारची रीतसर परवानगी काढली गेली, आणि २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या अलगद उचलून दुसरीकडे नेऊन लावल्या. मोजक्या वसाहतींसाठी एवढी काळजी! मग आपण हौसेखातर दगड कसा उचलायचा?

नागपूरचा दगड चालेल?

“आपल्याकडे काय कमी दगड आहेत?” बरोबर, भरपूर आहेत. पण तपासून बघू या. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसला तर त्यात चुनखडी आहे. आपला काळा बेसॉल्ट ढिम्म राहील, कारण तो ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा दगड. शिवाय बराचसा बेसॉल्ट घट्ट असतो, जिवाणूंना आत शिरायला वाट मिळत नाही. मनसरकडचा काळा, जड मँगनीजचा दगड तर टाकीत मुळीच नको. धातू पाण्यात उतरले तर कोळंबी आणि शंख मरतात. तांबं तर त्यांना अगदी थोडंसुद्धा सोसत नाही.

दगडांचा विषय निघालाच आहे तर एक नवल सांगायलाच हवं. नागपूरच्या टाकळी भागात लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेली माती आहे. तिथे स्टीफन हिस्लॉप यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे जीवाश्म सापडले. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच हे हिस्लॉप. आपल्या साथीदाराबरोबर त्यांनी १८५५ मध्ये नागपूरच्या परिसरातल्या खडकांवर आणि जीवाश्मांवर निबंध लिहिला. म्हणजे इथे सरोवरं होती. आणि आपल्या उत्तरेला, छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिली इथे, अशाच थरात समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांची कवचं मिळाली आहेत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी समुद्राची एक चिंचोळी वाट मध्य भारतापर्यंत आली असावी, असं मत त्यावरून काही शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मांडलं. आज जिथे संत्र्याच्या बागा आहेत, त्याच्या जवळपास एके काळी खारं पाणी खेळलं असेल!

दगड करू या घरीच

समुद्रातला नको, नागपूरचा चालत नाही, मग उपाय काय? माणसाने केलेला दगड. बाजारात भाजलेल्या मातीचे जाळीदार दगड मिळतात. किंवा मोठ्यांच्या मदतीने घरीही करता येतो. साहित्य ओळखीचंच आहे. सिमेंट, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा, आणि खडेमीठ.

खडेमीठ कशाला? हीच तर युक्ती. सगळं कालवून ओबडधोबड गोळे केले की मिठाचे खडे आत अडकतात. सिमेंट घट्ट झालं की दगड पाण्यात बुडवून ठेवायचा. मीठ विरघळून जातं आणि त्याच्या जागी पोकळ्या उरतात. झाला दगड जाळीदार! ओलं सिमेंट कातडीला भाजतं, म्हणून कालवायचं काम हातमोजे घालून मोठ्या माणसांनीच करायचं. तुम्ही आकार ठरवा. कमान करा, गुहा करा. माशांना लपायला फार आवडतं. १०० लिटरच्या टाकीला साधारण १० किलो दगड पुरतो.

आता दगड धुण्याची पाळी. नवा सिमेंटचा दगड लगेच टाकीत टाकला तर घात होईल. सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो. पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे ज्या पीएच आकड्याने सांगतात, तो १२ पर्यंत चढू शकतो. समुद्राचा असतो साधारण ८.१. एवढ्या फरकात मासा वाचणार नाही. म्हणून दगड साध्या पाण्याच्या टबात ठेवायचा, पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं आणि पीएचच्या कागदाने तपासत राहायचं. यात काही आठवडे सहज जातात. नव्या पाण्यात बरेच दिवस ठेवूनही पीएच चढला नाही, की समजा चुना निघाला.

कुणाच्या जुन्या टाकीतला दगड मिळाला असेल तर त्याची रीत निराळी. तो ओला ठेवूनच आणायचा. खाऱ्या पाण्याच्या टबात धरून जुन्या टूथब्रशने मेलेलं, बुळबुळीत, घाण वास येणारं तेवढंच घासून काढायचं. टणक आणि रंगीत थराला हात लावायचा नाही. पाणी हेलकावून फटींमधला गाळ झटकायचा. नळाखाली धुवायचं नाही, कारण नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने जिवाणू मरतात.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. समुद्री टाकीतला दगड कधीही उकळायचा नाही. काही दगडांवर झोअँथिड नावाचे समुद्रफुलांचे भाऊबंद राहतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. असे दगड उकळल्यामुळे वाफेतून विषबाधा होऊन घरातली माणसं दवाखान्यात पोचल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. अशा दगडाला हात लावतानाही हातमोजे हवेतच.

नागपुरी समुद्राचं पाणी

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले साधारण ३० ग्रॅम म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, आपल्या नेहमीच्या मिठाचेच घटक. उरलेल्या ५ ग्रॅममध्ये मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि आणखी बरंच काही. ते ५ ग्रॅम नसतील तर समुद्री जीव जगत नाहीत, म्हणून स्वयंपाकघरातलं मीठ कामाचं नाही. टाकीसाठी खास मीठ मिळतं. ते पेंच-कन्हानच्या नळाच्या पाण्यात नाही, आरओच्या पाण्यात विरघळवायचं.

आणि आपला मे महिना? पारा ४५ च्या वर! या पाण्याला तर २५-२६ अंश हवेत. इथे नागपूरच्या कोरड्या हवेचा फायदा होतो. पाण्यावरून पंख्याचा वारा सोडला की पाण्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. घरचा कूलर याच तत्त्वावर चालतो. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती फार चालत नाही, नागपुरात चांगली चालते. भर उन्हाळ्यात मात्र पाणी गार करणारं यंत्रही लागतं. अशी वाफ झाली की टाकीतलं पाणी कमी होतं. मग वरून कोणतं पाणी घालाल, खारं की गोडं? विचार करा. वाफ झाली ती फक्त पाण्याची, मीठ टाकीतच आहे. म्हणून गोडंच!

अंधारातले आठवडे

धुतलेला, चुना निघालेला दगड खाऱ्या पाण्यात ठेवला. पण अजून तो नुसता दगड आहे. त्यात जिवाणू यायला हवेत. चांगल्या जुन्या टाकीतला एखादा तुकडा शेजारी ठेवायचा, किंवा बाटलीत मिळणारे जिवाणू ओतायचे. मग चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं. ते कुजेल, अमोनिया होईल, म्हणजे जिवाणूंच्या जेवणाची सोय झाली. पाणी फिरवणारा पंप सतत चालू हवा, कारण ऑक्सिजन लागतो. दिवा मात्र बंद. या जिवाणूंना उजेड नको असतो, आणि अंधारात शेवाळही माजत नाही.

आता वाट बघायची. पोटातले काही जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. आपल्या या मंडळींना त्यासाठी कितीतरी तास, कधी एखादा दिवसही लागतो. म्हणून दगड तयार व्हायला साधारण महिना जातो, कधी त्याहूनही जास्त.

या काळात रोज पाण्याची तपासणी करा आणि वहीत आलेख काढा. आधी अमोनियाची रेघ वर चढेल. मग ती उतरायला लागेल आणि नायट्राइटची चढेल. मग तीही उतरेल आणि नायट्रेट दिसू लागेल. दगडात काहीच हलताना दिसत नसतं, पण आलेख सांगतो की आधी पहिला गट वाढला आणि त्यामागून दुसरा. शेवटची परीक्षा अशी: पुन्हा थोडा अमोनिया द्या. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर दगड जिवंत! आता पहिला मासा येऊ द्या, पण एकटाच. जिवाणूंची संख्या जेवणाच्या बेताने वाढते. एकदम दहा मासे सोडले तर त्यांना झेपणार नाही.

पुढे दिवा लावला की दगडाचे रंग पालटतात. आधी तपकिरी थर येतो, तो डायॅटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा. मग हिरवा. आणि कितीतरी महिन्यांनी कुठे कुठे गुलाबी-जांभळे ठिपके दिसू लागतात. ते कोरॅलाइन शैवाल. तेसुद्धा पाण्यातलं कॅल्शियम घेऊन अंगात चुनखडी साठवतं, म्हणून त्याचा थर टणक असतो. खडेमीठ आणि सिमेंटचा गोळा आता ओळखूही येत नाही.

करून पाहा: दोन बरण्या

खाऱ्या पाण्याची टाकी महाग असते, ती सगळ्यांकडे नसणार. पण जिवंत दगडाचं काम बघायला समुद्र लागत नाही! गोड्या पाण्यातही असेच जिवाणू असतात.

ज्याच्याकडे बऱ्याच दिवसांची माशांची टाकी आहे, अशा मित्राकडून तळातले मूठभर खडे ओलेच आणा. दुकानातून तसेच नवे खडे आणा आणि धुऊन घ्या. दोन सारख्या बरण्या घ्या, दोन्हींत सारखंच आरओचं किंवा क्लोरिन काढलेलं पाणी. एकीत जुने खडे, दुसरीत नवे. दोन्हींत माशांच्या खाद्याची सारखीच चिमूट आणि दोन्हींत हवेचा पंप. मासा मात्र एकाही बरणीत नको, त्याला त्रास होईल. माशांच्या दुकानात अमोनिया तपासायचा संच मिळतो. त्याने दोन आठवडे रोज मोजा आणि एकाच कागदावर दोन रंगांत दोन आलेख काढा. खडे हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

कोणत्या बरणीत अमोनिया जास्त चढेल? आधी अंदाज लिहून ठेवा, मग मोजा. आणि नव्या खड्यांच्या बरणीतला अमोनिया काही दिवसांनी आपोआप उतरू लागला, तर विचार करा: तिथे जिवाणू आले कुठून? आलेख घेऊन वर्गात जा आणि हा प्रश्न तुमच्या विज्ञानाच्या बाईंना विचारा.